स्टिल्टमध्ये जेट स्की

बदलापूर पश्चिमेला फ्लॅट बघायला येणारी माणसं तीन प्रश्न विचारतात. स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं आणि पाणी कुठपर्यंत येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातलं पाणी एकाच उल्हास नदीचं. दुसरं नळातून येतं, त्याची वेळ ठरलेली असते. तिसरं जिन्यातून येतं. बिल्डरचा माणूस पहिल्याचं उत्तर देतो, ‘चालत दहा मिनिटं.’ दुसऱ्याचं, ‘भरपूर.’ तिसऱ्याला तो जरा घसा साफ करतो. ‘२००५ नंतर कधीच नाही, साहेब.’ ‘२०१९ला?’ ‘ते एक वर्ष सोडा.’ ‘२०२१ला?’ ‘आलं, पण लगेच गेलं.’ मग तो गिऱ्हाइकाला बाल्कनीत नेतो आणि नदीचं दृश्य दाखवतो. दृश्य खरंच सुंदर असतं. ते पुढे जवळ येतं, एवढंच.

२६ जुलै ही आमच्याकडे तिथी आहे. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच दिवशी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरही पाण्यात होतं, हे सांगायला मात्र आम्हाला दर वर्षी हात वर करावा लागतो. २०१९ला पावसानं पुन्हा तिथी पाळली. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून निघालेली कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर सोडून पुढे गेली आणि वांगणीच्या अलीकडे, चामटोलीजवळ, पाण्यात उभी राहिली. हजाराच्या वर प्रवासी रात्रभर आत. महालक्ष्मी मूळची समुद्रमंथनातली, तिला पाण्याची सवय असणार, प्रवाशांना नव्हती. सकाळी एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं, आसपासच्या गावांतली माणसंही पाण्यात उतरली आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्यांना बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात नेऊन जेवू घातलं. ऐन आषाढात, लग्नाचा एकही मुहूर्त नसताना, पत्रिका न छापता ते कार्यालय भरलं.

त्या दिवसापासून आमच्या सोसायटीच्या डोक्यात बोट बसली.

पावसाळ्यात आमच्या ग्रुपवरची सुप्रभातं थांबतात आणि नदीची पातळी सुरू होते. साडेसोळा मीटर म्हणजे इशारा, साडेसतरा म्हणजे धोका. आजारी माणसाचा ताप घरातले तासातासाला बघतात तसं आमचं चाललेलं असतं. ‘आत्ता किती?’ ‘सोळा वीस.’ ‘मघापेक्षा उतरलं की!’ ‘थांबा, कर्जतला अजून कोसळतोय.’ उल्हास उगम पावते राजमाचीकडच्या डोंगरात. तिकडे रात्री पडलेला पाऊस सकाळी आमच्याकडे पोचतो, त्यामुळे ज्याचा मेहुणा कर्जतला असेल त्याला जून ते सप्टेंबर सोसायटीत मान असतो. नेरळचा साडूही चालतो. लोणावळ्याला ज्यांचा बंगला आहे ते फोटो टाकतात आणि खाली ‘काय मस्त पाऊस!’ असं लिहितात. त्यांना ग्रुपमधून काढायचा ठराव दोनदा मांडला गेला, पण ते मेंटेनन्स वेळेवर भरतात.

या दिवसांत बारवी धरणावर बोलायचं नसतं. निम्म्या बदलापूरचं मत असं, की पूर येतो तो ‘बारवीचे दरवाजे उघडल्यामुळे’. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, रात्री दोन वाजता कुणी एमआयडीसीचा माणूस उठून बटण दाबत नाही. शिवाय बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या पुढे गेल्यावर. हे एकदा एका निवृत्त इंजिनिअरांनी मीटिंगमध्ये नकाशा पसरून समजावलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर?’

तर बोट. सरकारी बोट असताना सोसायटीची वेगळी कशाला, ही शंका रास्त होती. उत्तर तळमजल्यावरच्या काकांनी दिलं. सरकारी बोट रस्त्यानं येते, आणि ती यायला हवी असते तेव्हा रस्ता पाण्यात असतो. एनडीआरएफची बटालियन तळेगावजवळ. पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या इकडे आणून ठेवतात, हे खरं, पण ट्रकवर ठेवलेली बोट आणि हेंद्रेपाड्याची गल्ली यांच्यामध्ये जे अंतर असतं ते बोटीनंच पार करता येतं. म्हणजे बोटीपर्यंत जायला बोट हवी. खजिनदारांनी हे वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं आणि मान डोलावली. ठराव झाला: ‘सोसायटीच्या सभासदांच्या वापराकरिता एक (१) विश्वासार्ह जलवाहन खरेदी करणेबाबत.’

जेट स्कीची सूचना चौथ्या मजल्यावरून आली. पूरनियंत्रणाचा उत्साह मजल्यागणिक वाढत जातो. तळमजल्यावरचे लोक फक्त फ्रिज वर उचलायला चार हात मागतात. चौथ्या मजल्यावरचा हा तरुण तारकर्लीला जाऊन आला होता आणि तिथे त्यानं जेट स्की ‘चालवली’ होती. म्हणजे तो पुढे बसला होता आणि मागे बसलेल्या मालकानं ती चालवली होती. त्यानं लॅपटॉप सभागृहातल्या टीव्हीला जोडला. (सभागृह म्हणजे वॉचमनची खोली. वॉचमन बाहेर उभा होता.) पडद्यावर यामाहा, सी-डू, कावासाकी अशी निळी-पिवळी वाहनं हवेत उडू लागली. यामाहाचं नाव ऐकताच खजिनदारांचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे एके काळी आरएक्स १०० होती. ‘मग पार्ट्सची चिंता नाही,’ ते म्हणाले.

या वाहनाची जन्मकथा बदलापूरकराला लगेच पटण्यासारखी आहे. क्लेटन जेकबसन नावाचा एक अमेरिकन मोटोक्रॉसच्या शर्यतींत मोटारसायकलवरून जमिनीवर आपटून आपटून कंटाळला आणि त्याच्या मनात आलं, पडायचंच तर पाण्यात पडावं. त्याच्या कल्पनेवरून पुढे कावासाकीनं १९७०च्या दशकात उभ्यानं चालवायची जेट स्की बाजारात आणली. बिचाऱ्याला एवढी यातायात करावी लागली, कारण त्यानं आमचा स्टेशन रोड जुलैत पाहिला नव्हता. इथे मोटारसायकलवरून पडणं आणि पाण्यात पडणं एकाच तिकिटात होतं.

पण विश्वासार्ह म्हणजे काय, यावर सभेत जी चर्चा झाली ती ऐकायला त्या जपानी इंजिनिअरांना बोलवायला हवं होतं. जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. पोटाखाली एक जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढलं जातं, आतला इम्पेलर ते जोरात मागच्या तोटीतून फेकतो आणि वाहन पुढे जातं. पोहणाऱ्याला पातं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. अडचण अशी की जाळीतून पाण्याबरोबर पाण्यात असेल ते सगळंच आत येतं. तारकर्लीच्या पाण्यात पाणी असतं. उल्हासच्या पुरात जलपर्णी असते, दुधाच्या पिशव्या असतात, मागच्या वर्षीच्या मखराचं थर्माकोल असतं, कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल असते, नायलॉनचा दोर असतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची २०१९ला दांडीवरून गेलेली नारायणपेठी असते. यातली एक दुधाची पिशवी त्या इम्पेलरचं शिक्षण पूर्ण करायला पुरेशी आहे. ‘अडकलं तर काय करायचं?’ काकांनी विचारलं. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, इंजिन बंद करावं, खाली हात घालावा, अडकलेली वस्तू काढावी. ‘पुरात?’ ‘पुरात.’ ‘कोण?’ यावर सभागृहात जी शांतता पसरली ती फक्त ऑडिटर विचारतात तेव्हा पसरते.

पुढची अट खोलीची. इंजिन चालू करायला खाली दोन-तीन फूट पाणी तरी हवं, नाहीतर वाळू-खडी आत ओढली जाते. आमच्या गल्लीत गेटपाशी घोटाभर, पिठाच्या गिरणीपाशी कमरेइतकं, नाक्यावर गळ्याइतकं आणि नगरपालिकेनं गटाराचं झाकण काढलेलं असेल तिथे सात फूट. म्हणजे गिरणीपर्यंत माणसांनी जेट स्की ढकलत न्यायची, गिरणीपासून नाक्यापर्यंत जेट स्कीनं माणसांना न्यायचं, मग पुन्हा बाजू बदलायची. तीन माणसांची जेट स्की तीनशे किलोच्या पुढे जाते. ढकलायला सहा माणसं लागतील, आणि ती सहा माणसं तिच्यावर बसू शकत नाहीत.

मग निघालं, की ती सूर्यास्तानंतर चालवायची नसते. तिला दिवे नसतात. उल्हासचं पाणी आजवर ऑफिसच्या वेळेत आल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. ते रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान येतं, महावितरणनं खबरदारी म्हणून वीज बंद केल्यानंतर.

आणि वळण! हा मुद्दा चौथ्या मजल्यानं शेवटपर्यंत दाबून ठेवला होता. जेट स्कीला सुकाणू नसतं. तोटीतून सुटणाऱ्या पाण्याची दिशा बदलून ती वळते. समोर भिंत दिसली आणि घाबरून थ्रॉटल सोडला की पाणी सुटायचं थांबतं, हँडल कितीही फिरवलं तरी ती वळत नाही आणि सरळ भिंतीकडेच जाते. म्हणजे संकट समोर दिसलं की वेग वाढवायचा. ‘हे आपल्या शेअर रिक्षावाल्यांना न शिकवता येईल,’ कुणीतरी म्हणालं. ती उलटली तर सरळ करायचीही पद्धत असते. मागच्या बाजूला चिकटवलेल्या चित्रातल्या बाणाच्या दिशेनंच फिरवायची, उलट फिरवली तर इंजिनात पाणी जातं. उलटलेल्या वाहनावरचा बाण, पुरात, रात्री, विजेशिवाय वाचायचा. आमचे दोन ज्येष्ठ सभासद दिवसा चष्मा लावून लिफ्टमधला बाण वाचू शकत नाहीत. ते खाली जायला वरचं बटण दाबतात.

सगळ्यात शेवटी परवान्याचा विषय आला. महाराष्ट्रात अशा वाहनांचा कारभार १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत, किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ बंद ठेवले जातात. समुद्र खवळलेला असतो, नियम शहाणपणाचाच आहे. पण आम्हाला बोट हवी ती नेमकी त्याच तीन महिन्यांत. उरलेल्या नऊ महिन्यांत तिच्यावर बसायला कुणाची हरकत नाही, पण तेव्हा गल्लीत पाणी नसतं. मार्चनंतर नळातही नसतं. किंमत ऐकल्यावर खजिनदारांनी आरएक्स १००ला मनातल्या मनात निरोप दिला आणि कागदावर हिशेब मांडून दाखवला, की तेवढ्या पैशांत तळमजल्यावरच्या दोन्ही कुटुंबांना पुढची कित्येक वर्षं जुलैभर हॉटेलात ठेवता येईल. तळमजल्यानं या हिशेबाला अनुमोदन दिलं. बाकीच्यांनी विषय पुढे ढकलला.

वास्तविक जहाजं बांधायची अक्कल या भागाला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. आमच्यापासून लोकलनं चौथं स्टेशन म्हणजे कल्याण. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधायला घेतली. त्याच कल्याणच्या खाडीवर, दुर्गाडीच्या बाजूला, एका जुन्या होडीवाल्या दादांकडे आमचं शिष्टमंडळ गेलं. दादा जाळं शिवत होते. आम्ही जेट स्की, इम्पेलर, खोली, बाण हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न केला, ‘पवायला येतं का?’

सोसायटीत पोहता येणारे दोघे निघाले. एक बालपणी गावच्या विहिरीत शिकलेले, आता दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले. दुसरा न्यू जर्सीला असतो.

‘मंग आधी जाकिट घ्या,’ दादा म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

लाइफ जॅकेट, दोर, ताडपत्री, किंवा जगातली दुसरी कुठलीही वस्तू हवी असली की अंबरनाथ-बदलापूरचा माणूस उल्हासनगरला जातो. तिथे ती मिळते. नसेल तर परवापर्यंत मिळते. शिष्टमंडळ कॅम्प दोनच्या बाजारात शिरलं. दुकानदारानं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘बोट? बोट अभी नहीं है साईं, लेकिन बन जाएगी. रेक्झिन में चाहिए या कॅन्व्हास में?’ आम्ही म्हटलं, सोफा नव्हे, बोट. ‘हां हां, बोट. कव्हर अलग से दूँ?’ गॅरंटी विचारली तेव्हा तो मनापासून हसला. ‘गॅरंटी है ना. पानी में डालने तक.’

गल्ल्यामागे त्याचे वडील बसले होते, ऐंशीच्या घरातले. त्यांना मराठी आमच्या चौथ्या मजल्यापेक्षा बरं येत होतं. ते म्हणाले, कराचीहून आलो तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. स्टीमरनं मुंबईला उतरलो आणि मग इथे कॅम्पात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं, तेही आमच्याच नदीच्या नावानं. या तीन गावांत खऱ्या अर्थानं बोटीतून आलेले लोक तेवढेच. आम्ही आदरानं विचारलं, बोट घेताना काय बघावं? म्हातारबुवांनी विचार केला. ‘आईनं सांगितलं होतं, बोट कशी आहे ते नाय बघायचं. बाजूला कोण बसलाय ते बघायचं. एवढी गर्दी होती, पण बाजूवाल्यानं आम्हाला पाणी दिलं प्यायला.’ मग त्यांनी मुलाला सांगून लाइफ जॅकेटवर दहा टक्के कमी केले. मुलानं आधीच वीस वाढवले होते.

अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत एक फायबरचं काम करणारे गृहस्थ आहेत. रसायनं साठवायच्या टाक्या बनवतात. त्यांना बोटीचं विचारल्यावर ते जराही बिचकले नाहीत. ‘टाकी आणि बोट एकच हो. टाकीत माल आत असतो नि बाहेर कोरडं. बोटीत आत कोरडं नि माल बाहेर. थर उलटे द्यायचे, झालं.’ त्यांनी वहीत चित्रही काढलं. टाकीला ज्याप्रमाणे खाली नळ असतो तसा बोटीलाही त्यांनी सवयीनं नळ काढला. आम्ही तिकडे बोट दाखवल्यावर म्हणाले, ‘असू द्या, धुवायला बरा.’

पण त्यांच्याकडून एक कामाची गोष्ट कळली. वालधुनीच्या बाजूचे लोक बोटीबद्दल विचारायला आले तर ते कापड बघायला सांगतात. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरातून निघते, उल्हासनगरातून कल्याणला जाते, आणि वाटेत कारखाने तिच्यात काय काय सोडत आले ते वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येतं. जीन्स धुण्याचा धंदा जोरात होता त्या काळात बाजारात ज्या रंगाची फॅशन, त्या रंगाची नदी. साध्या पीव्हीसीच्या बोटीपेक्षा हायपलॉन नावाचं रबरी कापड ऊन, तेल आणि रसायनं जास्त सोसतं. महाग असतं, पण टिकतं. या नदीला उतरायला खरं तर बोटीपेक्षा माणसालाच हायपलॉनचं कातडं हवं. तिच्याच काठावर अंबरनाथचं शिवमंदिर आहे, शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. गाभारा पायऱ्या उतरून खाली. जोराच्या पावसात नदी कधी कधी स्वतःच आत जाऊन अभिषेक करून येते. त्या अभिषेकाला महादेवाचीच तब्येत हवी. हलाहल पचवायचा अनुभव तिथे कामी येत असावा.

शेवटी सगळी चाकं फिरून रबरी बोटीवर येऊन थांबली, म्हणजे जी एनडीआरएफनं आधीपासून वापरायला घेतली होती. शहाण्या माणसांनी ठरवून ठेवलेली गोष्ट समितीनं स्वतः शोधून काढायला वेळ लागतोच. रबरी बोटीचे गुण साधे आहेत. हवा एका पिशवीत नसते, वेगवेगळ्या कप्प्यांत असते. एखाद्या कुंपणाची तार लागून एक कप्पा फुटला तरी बाकीचे तरंगत राहतात. तळ उथळ, घोटाभर पाण्यातही ओढता येते. इंजिन मागे टांगायचं, नको तिथे काढून ठेवायचं, आणि वल्ही असली की इंजिनाचं तोंडही बघावं लागत नाही. वल्ह्यात जलपर्णी अडकली तर ती हातानं काढता येते. तिच्यावर किती माणसं बसवायची तो आकडा छापलेला असतो. ऑगस्ट २०१९मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली बोट कृष्णेच्या पुरात उलटली आणि गावानं आपली माणसं गमावली, तेव्हापासून त्या आकड्यावर मी थट्टा करत नाही. आमच्या सभेनंही त्या एका मुद्द्यावर कुरकुर न करता लिहून घेतलं: आकड्यापेक्षा एक माणूस जास्त नाही, मग तो चेअरमन का असेना. चेअरमननी ‘विशेषतः चेअरमन’ अशी दुरुस्ती सुचवली, कारण त्यांचं वजन त्यांना माहीत होतं.

बोट ठरली. मग ठेवायची कुठे? बदलापुरात कुठल्याही वस्तूचा विचार शेवटी पार्किंगपाशीच येतो. स्टिल्टमध्ये ठेवावी तर पूर आला की सगळ्यात आधी तीच वाहून जाणार. दोर बांधावा, तर दोर सैल सोडला नाही तर पाणी चढल्यावर ती खांबाला धरून बुडणार. शिवाय तिथे प्रत्येक चौकोनावर कुणाचा ना कुणाचा नंबर रंगवलेला आहे. दोन पार्किंग असलेल्या सभासदानं एक चौकोन भाड्यानं द्यायची तयारी दाखवली, वर ‘पावसाळ्यात दर वेगळा’ असंही सांगितलं. पहिल्या मजल्याच्या जिन्यात ठेवावी, तर तिथे वहिनींचं चपलांचं कपाट. ‘पूर वर्षातून एकदा येतो. चपला रोज लागतात,’ त्या म्हणाल्या. यावर बोलायला कुणालाच तोंड नव्हतं.

मग गच्ची उरली. लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, घडी घालून, पंपासकट. पुराचा धोका शून्य, जागेचं भाडं शून्य. सगळे खूश झाले. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकांनी हात वर केला.

‘म्हणजे पाणी आलं की आम्ही तळमजल्यावरून गच्चीवर जायचं?’

‘हो.’

‘लिफ्ट बंद असेल. जिन्यानं.’

‘हो, जिन्यानं.’

‘आणि तिथून बोट खाली आणायची.’

‘अर्थात.’

‘पण मी गच्चीवर पोचलोच, तर मला बोट कशाला हवी?’

सभा तिथेच तहकूब होणार होती. पण सेक्रेटरी जुने आहेत. त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘सदर मुद्द्याची नोंद घेण्यात आली,’ आणि बहुमतानं गच्ची मंजूर करून घेतली. वापराचे नियमही त्याच बैठकीत झाले. भाडेकरूंना बोट वापरता येईल, पण घरमालकाचं ना हरकत पत्र आणावं लागेल. ज्यांचा मेंटेनन्स थकला आहे त्यांना लाइफ जॅकेट मिळेल, वल्हं मिळणार नाही. मांजर चालेल, कुत्रा कार्यकारिणीच्या परवानगीनं. वाळवणाकरिता बोटीचा वापर करू नये. हा शेवटचा नियम ठरेपर्यंत कुणाच्या मनातही नव्हतं, पण त्याच मे महिन्यात गच्चीवर बोट उघडून बघितली तेव्हा तिच्यात कुरडया होत्या.

रंगीत तालीमही झाली, नदीकाठच्या चौपाटीवर, उन्हाळ्यात. हवा भरायला पायपंपावर तीन पिढ्या लागल्या. हवा भरल्यावर बोट पाण्यापर्यंत नेली तेव्हा कळलं, की पाणी अजून बरंच पुढे आहे. पोरांनी ती खडकांवरच ठेवून फोटो काढले. काकांनी जाकीट घातलं, बोटीत बसले आणि खडकावर बसल्या बसल्या पाच मिनिटं अगदी गंभीरपणे वल्हं मारलं. तोल चांगला राहिला.

जुलैत पातळी वाढायला लागली. सोळा दहा. सोळा पस्तीस. कर्जतच्या मेहुण्यानं रात्री साडेबाराला कळवलं, ‘इकडे ढगफुटीसारखा.’ सोळा साठ झाले तेव्हा नगरपालिकेचा भोंगा फिरून गेला, आणि तळमजल्यावरून ग्रुपवर पहिला मेसेज पडला: ‘बोटीची किल्ली कोणाकडे?’

चौथ्या मजल्यानं खुलासा केला: ‘काका, रबरी बोटीला किल्ली नसते. जेट स्कीला असते.’

‘बोटीची नव्हे रे. गच्चीची.’

बऱ्याच वेळानं सेक्रेटरींचं उत्तर आलं. किल्ली त्यांच्याचकडे, अगदी सुरक्षित होती. पावसाचा अंदाज बघून ते संध्याकाळच्याच लोकलनं डोंबिवलीला बहिणीकडे गेले होते.